व्हर्जिनियाची साक्ष : धर्मस्वातंत्र्य, कुटुंब आणि राज्यसत्ता

१

धर्माने राजकारणात पडावे की पडू नये, हा प्रश्न व्याख्यानांतून पुष्कळदा चर्चिला जातो. चर्चा बहुधा तत्त्वाची होते. एक पक्ष म्हणतो, धर्म हा खाजगी आहे. दुसरा म्हणतो, धर्मावाचून राज्य म्हणजे प्राणावाचून देह. दोन्ही पक्ष आपापल्या जागी अढळ राहतात आणि श्रोते ज्या मताने आले त्याच मताने घरी जातात. आम्हांस असे वाटते की हा प्रश्न एखाद्या मुलखाच्या इतिहासात उतरून पाहावा. तेथे तत्त्वांना माणसांचे चेहरे मिळतात. आज जो पक्ष एक तत्त्व सांगतो, तोच शंभर वर्षांपूर्वी काय सांगत होता हेही तेथे ताडून पाहता येते.

त्यासाठी आम्ही अमेरिकेतील व्हर्जिनिया हे राज्य निवडले आहे. याच राज्याने १७८६ साली धर्मस्वातंत्र्याचा प्रसिद्ध कायदा केला, आणि सनातनी वळणाच्या ख्रिस्ती लोकांची मोठी राजकीय चळवळ १९७९ साली याच राज्यातून देशभर पसरली. या दोन्ही घटनांत पुढे होते ते बाप्टिस्ट पंथाचे लोक. आपल्या विवेचनाचा धागा हाच आहे. ज्या पंथाने सरकारला ‘आमच्या धर्मापासून दूर राहा’ असे बजावले, तोच पंथ पुढे सरकारकडे ‘आमच्या कुटुंबाचे रक्षण करा’ असे म्हणत का गेला? आणि त्यात त्याने काय मिळवले, काय गमावले?

बाप्टिस्ट म्हणजे कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणे या लोकांना मान्य नाही. ज्याला समज आली आहे आणि ज्याने स्वतःच्या तोंडाने श्रद्धेचा स्वीकार केला आहे, त्यालाच ते पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. वरवर हा विधीचा भेद वाटतो, पण त्यातून एक मोठा सिद्धान्त निघतो. श्रद्धा जर ज्याची त्याने स्वीकारायची, तर ती जन्माने, राजाज्ञेने किंवा बापाच्या सांगण्याने येऊ शकत नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, तिच्यावर बिशप नाही, आणि तिच्या दारात कोतवालाचे काम नाही. पवित्र शास्त्राच्या बाबतीत हे लोक अत्यंत कर्मठ; राज्याच्या बाबतीत मात्र ते प्रारंभी अत्यंत बंडखोर होते. ‘सनातनी’ आणि ‘उदार’ ही आपली नेहमीची मापे येथे पहिल्याच पावलाला अपुरी पडतात.

२

इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकाऊ वसाहत १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन येथे झाली. तिच्याबरोबर इंग्लंडची राजमान्य मंडळीही आली. देवळाचा कारभार त्या त्या भागातील बड्या जमीनदारांच्या पंचमंडळाकडे असे. धर्मोपदेशकाचा पगार सर्वांकडून कर म्हणून वसूल होई, आणि तो तंबाखूच्या रूपाने दिला जाई. १७४८ च्या कायद्याने तो वर्षाला १६,००० पौंड तंबाखू इतका ठरला होता. तुम्ही त्या देवळात जा अथवा न जा, तंबाखू द्यावीच लागे.

सतराशे साठच्या दशकात बाप्टिस्ट उपदेशक येथे गावोगाव हिंडू लागले. ते शिकलेले नव्हते. पुष्कळसे शेतकरीच होते. भिन्नपंथीयांना उपदेश करावयाचा तर सरकारी परवाना घ्यावा लागे. यांच्यातील कडवे म्हणत, शुभवर्तमान सांगण्याची आज्ञा देवाची. तिला न्यायाधीशाचा परवाना कशाला? जून १७६८ मध्ये स्पॉटसिल्व्हेनिया काउंटीत जॉन वॉलर, लुइस क्रेग आणि जेम्स चाइल्ड्स यांना शांतताभंगाच्या आरोपावरून पकडण्यात आले. फ्रेडरिक्सबर्गच्या तुरुंगात वॉलर ४३ दिवस होते. कल्पेपर येथे जेम्स आयर्लंड यांना कोठडीत घातले, तेव्हा ते खिडकीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांना उपदेश करू लागले. १७७१ साली कॅरोलाइन काउंटीत वॉलर उपासना चालवीत असता राजमान्य मंडळीच्या धर्मोपदेशकाने त्यांच्या तोंडात चाबकाची मूठ खुपसली आणि शेरीफने त्यांना बाहेर ओढून फटके मारले. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्याहून फारसा निराळा नसलेला मुलूख. कॅरोलाइन हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. त्याच्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

स्वातंत्र्ययुद्धापूर्वीच्या त्या दहाएक वर्षांत तीसहून अधिक उपदेशक तुरुंगात गेले. रामेश्वरभट्टाची आणि इंद्रायणीच्या डोहाची हकीकत ठाऊक असलेल्या महाराष्ट्रीय श्रोत्यांस हे चित्र परके वाटू नये. धर्मसत्तेला खरा राग येतो तो नास्तिकाचा नाही. ज्याला बोलण्याचा अधिकार नाही असा माणूस देवाविषयी बोलतो, याचा येतो.

त्यांच्यावर जे आरोप होत, त्यांतील एक विशेष आहे. १७७७ साली कंबरलंड काउंटीतून विधिमंडळाकडे गेलेल्या एका अर्जात तक्रार होती की या लोकांच्या रात्रीच्या सभांमुळे बायका नवऱ्यांपासून, मुले आईबापांपासून आणि गुलाम धन्यांपासून दुरावत आहेत. म्हणजे कुटुंब मोडल्याचा ठपका प्रथम आला तो बाप्टिस्टांवरच. व्हर्जिनियाच्या जमीनदारी समाजात घर म्हणजे एक लहान राज्य होते आणि घरधनी त्याचा राजा. बाप्टिस्टांच्या मंडळीत बाई, शेतमजूर आणि गुलाम हे एकमेकांस भाऊ-बहीण म्हणत. पत्ते, घोड्यांच्या शर्यती आणि नाचगाणे यांचा ते निषेध करीत. जमीनदारांच्या दृष्टीने हा समाजाच्या पायावरच घाव होता.

कुटुंबाचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही आला. लग्न लावण्याचा अधिकार राजमान्य मंडळीच्या धर्मोपदेशकाचा. बाप्टिस्ट पाळकाने लावलेले लग्न कायद्याने खरे की खोटे, याविषयी शंका राही. आणि लग्नाविषयी शंका म्हणजे मुलांच्या औरसपणाविषयी आणि वारशाविषयी शंका. १७८० साली विधिमंडळाने कायदा केला, त्याच्या प्रारंभीच ही शंका दूर करण्याचा हेतू नमूद होता. पूर्वीची लग्ने त्याने वैध ठरवली. पण एका काउंटीत एका पंथाच्या चारच पाळकांना परवाना, अशी अट घातली. १७८४ मध्ये ती अटही गेली. म्हणजे श्रद्धेचे स्वातंत्र्य हे उपासनेपुरते नव्हते. ते घराच्या उंबरठ्यापर्यंत आले होते. धर्मस्वातंत्र्य आणि कुटुंब हे दोन प्रश्न व्हर्जिनियात जुळ्या भावंडांसारखे जन्मले, असे म्हणण्यास हरकत नाही.

३

कल्पेपरच्या तुरुंगाची बातमी शेजारच्या ऑरेंज काउंटीतील एका तरुण पदवीधराच्या कानी गेली. त्याचे नाव जेम्स मॅडिसन. जानेवारी १७७४ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या उपदेशकांच्या तुरुंगवासाबद्दल संताप व्यक्त केला आहे. पुढे १२ जून १७७६ रोजी व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. जॉर्ज मेसन यांच्या मसुद्यात धर्माच्या बाबतीत ‘सहिष्णुता’ हा शब्द होता. मॅडिसनने तो बदलवून धर्माच्या मुक्त आचरणाचा सर्वांना समान हक्क आहे, अशी रचना करविली. सहिष्णुता म्हणजे बलवानाने दुर्बलावर केलेली मेहेरबानी. ती आज दिली, उद्या काढून घेतली. हक्काचे तसे नाही. एका शब्दाच्या या बदलात त्या काळच्या वादाचे सार आहे.

त्याच वर्षी भिन्नपंथीयांनी सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज विधिमंडळास दिला. टॉमस जेफरसन यांनी लिहिलेले धर्मस्वातंत्र्याचे विधेयक १७७९ साली मांडले गेले, पण ते अडकून पडले. १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी निराळीच तोड काढली. कर सर्वांनी द्यावा, पण तो आपल्या पसंतीच्या ख्रिस्ती उपदेशकाला द्यावा. ही सूचना वरवर फार उदार दिसते. हेन्री हे काही कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते. लोकांची नीती ढासळली आहे, नीतीला धर्माचा आधार लागतो, तेव्हा राज्याने धर्माला हात द्यावा, एवढेच ते म्हणत होते. हा युक्तिवाद पुढे दोनशे वर्षे पुन्हा पुन्हा ऐकू येणार होता.

मॅडिसनने याविरुद्ध १७८५ साली आपला प्रसिद्ध विरोधार्ज लिहिला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचाच गौरव होतो. परंतु मॅडिसनच्या अर्जापेक्षा अधिक सह्या मिळाल्या त्या साध्या श्रद्धाळू लोकांच्या एका अर्जाला. कर शुभवर्तमानाच्या वृत्तीविरुद्ध आहे, असे त्यात म्हटले होते. बाप्टिस्टांना सरकारी पैशाचा वाटा मिळत असताही त्यांनी तो नाकारला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हेन्रींचे विधेयक बारगळले आणि १६ जानेवारी १७८६ रोजी जेफरसन यांच्या विधेयकाचा कायदा झाला.

या कायद्याशी आपला, दूरचा का होईना, संबंध पोहोचतो. त्याच्या प्रस्तावनेत येशू ख्रिस्ताचे नाव घालावे अशी दुरुस्ती आली होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. जेफरसन यांनी आत्मचरित्रात हे नमूद करून लिहिले आहे की कायद्याचे छत्र यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू या सर्वांवर असावे, असाच विधिमंडळाचा हेतू यावरून दिसतो. त्या वेळी व्हर्जिनियात हिंदू मनुष्य शोधूनही सापडणे कठीण होते. जो समोर नाही त्याच्याही हक्काचा विचार करणे, ही त्या पिढीची थोरवी होय.

बाप्टिस्टांत या विचाराचा सर्वांत रोखठोक पुरस्कर्ता जॉन लेलंड. चौदाएक वर्षे व्हर्जिनियात उपदेश करून ते मॅसॅच्युसेट्सला परतले. १ जानेवारी १८०२ रोजी त्यांनी आपल्या गावकऱ्यांनी बनविलेला १,२३५ पौंड वजनाचा चीजचा गड्डा अध्यक्ष जेफरसन यांना नेऊन दिला. त्याच दिवशी जेफरसन यांनी डॅनबरीच्या बाप्टिस्टांना ते पत्र लिहिले, ज्यात धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधील भिंतीची उपमा आली आहे. ती भिंत बांधण्याच्या कामी कर्मठ बाप्टिस्टांनीही विटा वाहिल्या होत्या, हे आज दोन्ही पक्ष विसरतात.

४

अल्पसंख्य असताना स्वातंत्र्य मागणे ही गरज असते. ते तत्त्व आहे की काय, हे संख्या वाढल्यावर कळते. व्हर्जिनियातील बाप्टिस्टांची ती परीक्षा लवकरच झाली.

१७९० साली त्यांच्या मध्यवर्ती समितीने लेलंड यांच्या पुढाकाराने गुलामगिरी ही निसर्गदत्त हक्कांवर बलात्कार आहे अशा अर्थाचा ठराव केला. परंतु मंडळींत आता गुलाम बाळगणारे सुखवस्तू लोक आले होते. हा प्रश्न राज्याचा आहे, धर्माचा नव्हे, असे म्हणून ठराव बाजूस पडला. भिंतीचा उपयोग येथे पहिल्यांदा आडोशासारखा झाला.

आणि हा प्रश्न कुटुंबाचाच होता. गुलामांच्या लग्नाला कायदा लग्न मानीत नसे. नवरा एका मळ्यावर विकला जाई, बायको दुसऱ्या. ज्याची बायको दूरच्या राज्यात विकली गेली, त्या मंडळीच्या सभासदाने पुन्हा लग्न करावे काय, या प्रश्नावर बाप्टिस्ट सभांतून गंभीर चर्चा होत असे. लग्न मोडणारी सत्ता कोणाची, हा प्रश्न मात्र विचारला जात नसे. १७८० साली ज्यांच्या स्वतःच्या लग्नाविषयी शंका होती, त्यांच्या नातवंडांनी हे सोसले. इतकेच नव्हे, त्याला पवित्र शास्त्राचा आधार शोधला.

१८३१ साली साउथॅम्प्टन काउंटीत नॅट टर्नर या गुलाम उपदेशकाने बंड केले. घाबरलेल्या विधिमंडळाने १८३२ मध्ये कायदा करून कृष्णवर्णीयांना, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, उपदेश करण्यास बंदी केली. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याला तेव्हा शेहेचाळीस वर्षे झाली होती. १८४१ साली रिचमंड येथे आफ्रिकी बाप्टिस्टांची पहिली मंडळी स्थापन झाली, तेव्हा या कायद्यामुळे तिचे पाळक म्हणून रॉबर्ट रायलंड या गोऱ्या गृहस्थांना नेमावे लागले. १८४५ साली गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी नेमावे काय, या वादावरून दक्षिणेतील बाप्टिस्टांनी वेगळी संघटना काढली. परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून तुरुंगात गेलेल्यांचे हे वारस होते.

५

यादवी युद्धानंतरचा काळ आपण थोडक्यात ओलांडू. विसाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती राजकारणाला एक नवे कार्य मिळाले. ते म्हणजे दारूबंदी. व्हर्जिनियातील त्याचे सेनापती मेथॉडिस्ट पंथाचे जेम्स कॅनन; पुढे ते बिशप झाले. दारूबंदीच्या मागे ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही. मजुरी गुत्त्यात उडवून घरी बायकोमुलांना मारणारा पुरुष ही काही कल्पनेतील व्यक्ती नव्हती, हे आपल्याकडील दारूबंदीच्या कार्यकर्त्यांस सांगावयास नको. सप्टेंबर १९१४ च्या मतदानात सुमारे तीस हजारांच्या आधिक्याने दारूबंदीचा विजय झाला. पण १९०२ च्या राज्यघटनेने मतदानासाठी डोईपट्टी आणि अन्य अटी लादून बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदारयादीतून बाहेर काढले होते. स्त्रियांना मत नव्हतेच. ज्यांच्या नावाने कायदा झाला त्यांचे मत कोणी घेतले नव्हते.

जुनी शिकवण अगदीच मेली होती असे नव्हे. १९२६ साली सरकारी शाळांत बायबलचे वाचन सक्तीचे करण्याचे विधेयक व्हर्जिनियाच्या विधिमंडळापुढे आले, तेव्हा त्याला विरोध करण्यास बाप्टिस्टांचेच पुढारी उभे राहिले. शास्त्रावर त्यांची निष्ठा कमी नव्हती. शास्त्र हुकमाने वाचवून घेऊ नये, एवढीच त्यांची भूमिका होती. ते विधेयक मंजूर झाले नाही. उलटपक्षी, दोनच वर्षांनी अल् स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा बिशप कॅनन आणि अनेक प्रॉटेस्टंट पाळक यांनी त्यांच्याविरुद्ध जोराची मोहीम केली आणि एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला बांधलेले व्हर्जिनिया हूव्हर यांच्याकडे गेले. दारूचा मुद्दा होताच; पण पोपविषयीचा संशयही होता.

याच काळात राज्याने कुटुंबात जे पाऊल टाकले, ते गुत्तेवाल्याच्या पावलाहून भयंकर होते. २० मार्च १९२४ रोजी व्हर्जिनियात दोन कायद्यांवर सही झाली. एकाने गोऱ्या माणसाने इतर वर्णाशी लग्न करण्याची बंदी अधिक कडक केली. दुसऱ्याने ‘मंदबुद्धी’ ठरविलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा अधिकार सरकारी संस्थांना दिला. लिंचबर्गजवळच्या अशा एका संस्थेतील कॅरी बक या तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२७ साली आठ विरुद्ध एक मतांनी कायदा वैध ठरला. पुढे सात-आठ हजार माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्या निकालात विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ती पिअर्स बटलर. ते सनातनी वृत्तीचे कॅथलिक होते. विज्ञानाच्या आणि प्रगतीच्या नावाने बाकी सारे जिकडे गेले, तिकडे ते गेले नाहीत. कुटुंब हे राज्याहून प्राचीन आहे, ही सनातन्यांची शिकवण नुसती जुनाट समजून हसणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे.

६

आता पुन्हा कॅरोलाइन काउंटी. तेथील सेंट्रल पॉइंट या खेड्यातील रिचर्ड लव्हिंग हे गोरे आणि मिल्ड्रेड जेटर या कृष्णवर्णीय व मूळ अमेरिकी वंशाच्या. जून १९५८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले. जुलैमधील एका रात्री शेरीफ त्यांच्या शयनगृहात शिरला आणि त्यांना बोलिंग ग्रीनच्या तुरुंगात घेऊन गेला. जॉन वॉलर यांना ज्या काउंटीत फटके बसले, तिचेच हे मुख्य ठाणे. एका शेरीफने उपासना मोडली होती. १८७ वर्षांनी दुसऱ्याने संसार मोडला. वर्षभराची शिक्षा झाली आणि पंचवीस वर्षे दोघांनी मिळून राज्यात पाऊल न ठेवण्याच्या अटीवर ती तहकूब झाली. १९६५ साली न्यायाधीश लिअन बेझिल यांनी निकाल कायम करताना असे कारण दिले की परमेश्वरानेच निरनिराळे वर्ण निर्माण करून त्यांना वेगवेगळ्या खंडांवर ठेवले. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याच्या राज्यात न्यायासनावरून देवाचा हेतू सांगितला गेला.

१२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. तारीख योगायोगाने हक्कांच्या जाहीरनाम्याचीच आहे. या खटल्यात सोळा कॅथलिक बिशपांनी लव्हिंग दांपत्याच्या बाजूने निवेदन दाखल केले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. लग्न हा आमच्या धर्मात पवित्र संस्कार आहे. त्याच्या आड वर्णाची भिंत घालण्याचा राज्यास अधिकार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. धर्मस्वातंत्र्य आणि कुटुंब ही जुळी भावंडे येथे पुन्हा एका बाजूस उभी राहिली.

७

त्याच काळी लिंचबर्ग शहरात जेरी फॉलवेल हे तरुण बाप्टिस्ट पाळक आपली मंडळी वाढवीत होते. १९५६ साली पस्तीस माणसांनिशी ती सुरू झाली होती. मार्च १९६५ मध्ये, नागरी हक्कांसाठी पाळक मोर्चे काढीत होते तेव्हा, फॉलवेल यांनी प्रवचनातून सांगितले की पाळकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारण करण्याचे नव्हे. चौदा वर्षांनी, १९७९ साली, त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली आणि पूर्वीचे ते मत आपण सोडले असे सांगितले. व्हर्जिनियाच्याच दुसऱ्या टोकाला पॅट रॉबर्टसन यांनी ख्रिस्ती दूरचित्रवाणीचे जाळे उभारले. १९८८ मध्ये ते अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या स्पर्धेत उतरले.

हा पालट कशाने झाला? टीकाकार सांगतात, वर्णभेदाच्या प्रश्नावर गप्प बसावयाचे होते तेव्हा भिंत आठवली. ते दिवस गेल्यावर ती विसरली. या टीकेत तथ्य आहे. प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या आणि गोऱ्या मुलांचे खाजगी वर्ग देवळांतून भरले, हे त्याच राज्यात घडले आहे. पण एवढ्यावर थांबणे न्यायाचे होणार नाही. त्यांची बाजू त्यांच्या शब्दांत समजून घेतली पाहिजे. ती अशी. १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतील प्रार्थना आणि बायबलवाचन गेले. १९७३ च्या निकालाने गर्भपात हा हक्क ठरला. १९७८ साली करखात्याने खाजगी शाळांच्या, त्यांत ख्रिस्ती शाळाही आल्या, करसवलतीला हात घालण्याचे योजले. आम्ही राजकारणाकडे गेलो नाही, राजकारण आमच्या दारात आले. मुले देवाने आईबापांना दिली आहेत, राज्याला नव्हे. आणि जे राज्य स्वतःला तटस्थ म्हणवते तेही मुलांना काहीतरी शिकवतेच. १९८४ साली व्हर्जिनियाने मुलांना घरी शिकविण्यास कायद्याने मोकळीक दिली, ती याच विचाराच्या लोकांच्या आग्रहाने. ही मागणी आम्हांस जुन्या बाप्टिस्टांच्या वळणाची वाटते. कारण तिच्यात दुसऱ्यावर काही लादणे नव्हते. तसेच, १९२८ साली ज्या कॅथलिकांचा धसका होता त्यांनाच फॉलवेल यांनी आपल्या संघटनेत हात धरून घेतले, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

पुढे मात्र वाटा फुटल्या. मंडळींना कायद्याने नोंदणीकृत संस्था होण्यास व्हर्जिनियाच्या घटनेत बंदी होती. राजमान्य मंडळीला पुन्हा सत्तेचे पाठबळ मिळू नये म्हणून जुन्या बाप्टिस्टांनी जो लढा दिला, त्याची ती खूण होती. फॉलवेल यांच्या मंडळीने तिच्याविरुद्ध दावा लावला आणि २००२ साली संघ-न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरविली. न्यायालयाचे म्हणणे योग्यच होते. इतर संस्थांना जे मिळते ते मंडळीला का नाकारावे? तरी बाप्टिस्टांनी उभारलेले एक कुंपण बाप्टिस्टानेच काढविले, हा काळाचा महिमा.

नोव्हेंबर २००६ मध्ये व्हर्जिनियाच्या मतदारांपुढे एकाच दिवशी घटनेतील तीन दुरुस्त्या आल्या. एकीने हे जुने कलम रीतसर काढले गेले. दुसरीने विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचाच संबंध, अशी व्याख्या घटनेत घातली. तिला सुमारे ५७ टक्के मते पडली. पाठिराखे म्हणत, आम्ही नवे काही लादीत नाही. विवाह राज्याने निर्माण केला नाही, तेव्हा त्याचा अर्थ बदलण्याचा अधिकारही राज्याला नाही. विरोधक म्हणत, बहुमताने अल्पमताचे लग्न अवैध ठरविणे, हेच तर १७८० पूर्वी आणि १९६७ पूर्वी चालले होते. या विरोधकांतही श्रद्धाळू ख्रिस्ती होते. २०१४ मध्ये संघ-न्यायालयांनी ही बंदी रद्द केली आणि २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने प्रश्न देशभर निकालात निघाला. खुद्द व्हर्जिनियातील दक्षिणी बाप्टिस्टांतही मतभेद इतके वाढले होते की १९९६ साली परंपरावाद्यांनी आपली वेगळी प्रांतिक संघटना काढली. कल्पेपरच्या कोठडीचा खरा वारस कोण, याविषयी त्या पंथातच एकमत राहिले नाही.

८

या अडीचशे वर्षांच्या साक्षीतून आम्हांस जे दिसते ते असे. कुटुंब हे राज्याहून प्राचीन आहे आणि सदसद्विवेक हा राज्याच्या हद्दीबाहेर आहे, ही सनातनी ख्रिस्ती विचाराची दोन बळकट प्रमेये आहेत. ती सत्तेला मर्यादा घालण्यासाठी वापरली गेली, तेव्हा त्यांनी सर्वांचे भले केले. १७८६ च्या कायद्याने, बटलर यांच्या एकाकी मताने, लव्हिंग खटल्यातील बिशपांच्या निवेदनाने लाभ झाला तो त्यांच्या पंथाबाहेरच्या माणसांचाही. तीच प्रमेये हाती सत्ता आल्यावर दुसऱ्याच्या घरावर चालविली गेली, तेव्हा त्यांतील सत्त्व गेले. कुटुंब राज्याहून प्राचीन असेल, तर शेजाऱ्याचे कुटुंबही राज्याहून प्राचीन आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज अमेरिकेच्या अनेक भागांत सनातनी ख्रिस्ती मनुष्य पुन्हा अल्पसंख्य झाला आहे आणि आपल्या विवेकाला सूट मागतो आहे. त्याची मागणी प्रत्येक वेळी मान्य करावी असे नाही. दुसऱ्याच्या हक्काला धक्का लागतो काय, हे पाहावेच लागेल. पण मत जुनाट आहे एवढ्याच कारणाने ती झिडकारणे म्हणजे जमीनदारांच्या पंचमंडळाची भाषा नव्या शब्दांत बोलणे होय. व्हर्जिनियाच्या त्या तुरुंगांतील माणसेही तत्कालीन सुशिक्षितांना असंस्कृतच वाटत होती.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सर्व व्यक्तींना सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म आचरण्याचा व प्रसाराचा समान हक्क दिला आहे. त्यातील ‘समान’ या शब्दाची पारख आपल्याकडेही अल्पसंख्यांच्या अर्जांवरून होणार नाही. जेथे आपण बहुसंख्य आहोत तेथील आपल्या वागण्यावरून होईल. जेफरसन यांच्या पिढीने डोळ्यांनी न पाहिलेल्या हिंदूसाठी जागा राखून ठेवली होती. आपल्या गावात, आपल्या गल्लीत, ज्याची उपासना किंवा ज्याचा संसार आपल्याला रुचत नाही असा माणूस तर आपल्या रोजच्या पाहण्यातला असतो. त्याच्यासाठी आपण किती जागा राखतो, हे ज्याने त्याने घरी जाऊन स्वतःलाच विचारावे.